गोंबेत पाण्याची बाटली लपवली, त्याची गोष्ट

टांझानियातलं गोंबे, चिंपांझींचं जंगल. किगोमाहून बोट, टांगानिका सरोवर, रात्रभर धरलेली पाठ. हे सगळं बाजूला ठेवते. लिहायचंय ते एका तासाबद्दल. चिंपांझींसमोर तेवढाच वेळ थांबू देतात.

तो चढ छातीवर येतो. मास्क घामाने ओला. वाटाड्याने अचानक हात वर केला आणि आम्ही जागच्या जागी थांबलो. फांदीवर एक नर बसला होता, मांडीवर लाल कोलोबस माकडाचं पिल्लू, अर्धं खाल्लेलं. मांसाचा घास, वर थोडी पानं, असं निवांत चघळणं चाललेलं. एका मादीने त्याच्या हनुवटीखाली तळहात धरला, प्रसादाला धरतात तसा. त्याने पाठ फिरवली. ती वळसा घालून पुन्हा समोर. परत तळहात, आता बारीक कुरकुरीसह. असं चार-पाच वेळा. शेवटी तिने तंगडीच ओढली आणि त्याने ती सोडली.

"किती दिलदार!" मी पुटपुटले. वाटाड्या हसला. "कटकटीला कंटाळला हो." इथल्याच अभ्यासात तसं दिसलंय म्हणे: मागणारे जितके पिच्छा पुरवतात, तितकी वाटणी होण्याची शक्यता जास्त.

मी गप्प झाले. कारण चढताना सोबतच्या बाईंचं पाणी संपलं, तेव्हा माझ्या पिशवीत भरलेली बाटली होती आणि मी ऐकलंच नाही असं केलं होतं. त्यांनी दुसऱ्यांदा, सगळ्यांदेखत विचारलं, तेव्हा "अय्या, आहे की!"

याच जंगलात १९७४ ते १९७८ या काळात चिंपांझींच्या कासाकेला टोळीने आपल्यातून फुटून निघालेल्या कहामा टोळीतल्या नरांना एकेक गाठून मारलं, कालपर्यंत ज्यांच्या उवा वेचल्या त्यांनाच. आणि १९८७ मध्ये आई गेलेल्या तीन वर्षांच्या मेल नावाच्या पिल्लाला स्पिंडल नावाच्या वयात येणाऱ्या नराने सांभाळलं. नात्याचा नाही, गोत्याचा नाही. पाठीवर घेऊन हिंडला, रात्री आपल्याच घरट्यात निजवलं. माणसाचा चांगुलपणा वरून चढवलेला मुलामा आहे म्हणणाऱ्यांनी आधी स्पिंडलचं काय ते सांगावं. पण मेल खाऊ मागायला हात पसरायचाच, तेव्हा कटकट तिथेही असणार.

परतीच्या बोटीत बाईंनी बाटली परत केली. पूर्ण रिकामी. मला रागच आला.