धातू? नाही!

नेदरलँड्सच्या झीलंड प्रांतात मी एमआरआय तंत्रज्ञ होतो, वीसेक वर्षांपूर्वी. एकदा मेंदूच्या तपासणीला एक आजी आल्या, त्या झीलंडमधल्याच झुइड-बेवेलांड भागाच्या अस्सल पोशाखात. काळा झगा, गळ्यात पोवळ्यांची माळ, डोक्यावर कडक खळ दिलेली, शिंपल्यासारखी पसरलेली लेसची टोपी आणि कपाळाच्या दोन्ही बाजूंना सोन्याचे चौकोनी पत्रे. फॉर्मवर 'अंगावर धातू?' या प्रश्नापुढे मात्र त्यांनी 'नाही' लिहिलं होतं.

मी पत्र्यांकडे बोट दाखवलं. "हे? हे तर मी रोजच घालते," त्या म्हणाल्या.

एमआरआयचं यंत्र म्हणजे एक जबरदस्त चुंबकच. सोनं-चांदी चुंबकाला चिकटत नाही, हे खरं. पण टोपीच्या टाचण्या पोलादी असतील तर त्या सुटून सरळ यंत्राच्या तोंडाकडे झेपावतात. शिवाय डोक्याभोवती धातूची पट्टी असली की चित्र बिघडतं आणि ती तापूही शकते. सगळं उतरवणं भागच होतं.

सोबत आलेली सून पुढे सरसावली, तर आजींनी तिचा हात बाजूला केला. आधी टाचण्या निघाल्या, मग मोठी टोपी, तिच्याखाली आणखी एक. शेवटी डोक्यामागून वळसा घेऊन पुढे आलेली चांदीची पट्टी, ओराइझर. पत्रे तिच्याच टोकांना होते. टोपी जागेवर राहावी म्हणून सुरू झालेली ही पट्टी पुढे स्वतःच दागिना झाली. उत्तरेकडच्या फ्रीसलंडमध्ये तर 19व्या शतकात ती रुंद होत होत जवळजवळ सोन्याचं शिरस्त्राणच झाली.

माझ्या सहकाऱ्यानं विचारलं, "सगळ्या टोप्या अशाच गोल?"

"आम्ही प्रोटेस्टंट. कॅथलिक बायकांची कोनदार असते," आजी म्हणाल्या. लांबूनच धर्म कळावा, ही सोय मला जरा जास्तच वाटली. त्यांना मात्र त्यात विशेष काही वाटत नव्हतं. काळजी एकच होती, लेस चुरगळायला नको. खळ देऊन ती नीट बसवणाऱ्या बायका आता कुठे मिळतात, म्हणाल्या.

विरळ केसांवर हात ठेवूनच त्या आत आल्या. मी दिव्याचा उजेड कमी केला.

तपासणी नेहमीइतकीच चालली. परत घालायला त्याहून जास्त वेळ लागला! सून आरसा धरून उभी, आजी एकेक टाचणी खोचतायत. एक बाजू खाली आली म्हणून सगळं काढून पुन्हा सुरुवात. बाहेरचा पेशंट घड्याळ बघून वैतागला होता. त्यानंतर अशा पोशाखातल्या बायकांना आम्ही दिवसातली शेवटची वेळ देऊ लागलो.