पद्मिनीचा इंजिन बे: बॅटरीखालचा गंज काढला, नवा पत्रा बसला

माझ्या पद्मिनीच्या इंजिन बेमधलं, म्हणजे बॉनेटखालच्या जागेतलं, पत्र्याचं काम एकदाचं उरकलं. बॅटरीचा ट्रे, त्याला लागून असलेला ॲप्रनचा (चाक आणि इंजिनमधला आतला पत्रा) वीतभर भाग आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला आडवा पत्रा) खालच्या कडेचा एक तुकडा, एवढं सगळं नवीन आहे. त्यावर इपॉक्सी प्रायमर मारून झालाय. फायनल रंग बाकी आहे, पण तो मुद्दामच थांबवलाय. का, ते खाली येईलच.

गाडी १९८६ची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, माहीमला आवारात उघड्यावर उभी असते. समुद्र चालत पाच मिनिटांवर. आपल्यापैकी ज्यांच्या गाड्या वांद्रे, वरळी, दादर पट्ट्यात आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. बाहेरून मडगार्ड चकाचक असतात आणि बॉनेटखाली गंज शांतपणे आपलं काम करत असतो.

बॅटरी उचलली तेव्हा ट्रेवर फक्त रंगाचे फुगे दिसत होते. डेंटर काकांनी हातोडीचं मागचं टोक घेऊन हळूहळू ठोकायला सुरुवात केली. चांगल्या पत्र्यावर आवाज टणटणीत येतो. ट्रेच्या मागच्या कोपऱ्यापाशी आल्यावर तो बसका झाला, आणि स्क्रूड्रायव्हर टेकवताच सरळ आत गेला. बोटभर रुंदीचे तपकिरी पापुद्रे निघाले, थरावर थर. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो, त्यामुळे दोन पत्रे स्पॉट वेल्डिंगने जिथे जोडलेले असतात तिथे तो आतून पाचर मारल्यासारखा सांधा उचकटतो. ट्रे आणि ॲप्रनमधला सांधा असाच फुगला होता. काका म्हणाले, “दादा, इथवर नाही थांबायचं. चमकणारा पत्रा लागेपर्यंत जायचं.” खडूने रेघ मारली होती त्याच्या दुपटीने कापावं लागलं.

पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. तिचं मूळ डिझाइन फियाटच्या ११००चं, १९५३ सालचं, आणि ते मोनोकॉक आहे. म्हणजे ॲप्रन नुसतं चाकावरचं झाकण नाही, पुढच्या सस्पेन्शनचा भार तो पत्रा वाहतो. म्हणून तिथे फायबर आणि लांबी (पुट्टी) भरून वर काळा अंडरकोट मारणं मला अजिबात पटत नाही. बाजारात हे सर्रास चालतं, तासाभरात भोक दिसेनासं होतं, आणि आत ओल कोंडून राहते. पुढच्या मालकाला ते भोक दुप्पट होऊन मिळतं. गाडीवर प्रेम असेल तर हे करू नये, एवढंच मी म्हणेन.

कापण्याआधी गाडी सपाट जागी स्टँडवर घेतली, इंजिन बेचे दोन्ही कर्ण टेपने मोजून भिंतीवर लिहून ठेवले, आणि बॉनेटच्या दोन्ही बाजूंच्या फटी बघून घेतल्या. कापलेला भाग बाहेर असताना बॉडी जरा जरी बसली तर नंतर बॉनेट कधीच नीट लागत नाही. आणखी एक: चासी नंबर जिथे कोरलेला आहे त्या जागेच्या आसपास ग्राइंडर फिरवू नका. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करायला गाडी आरटीओत न्यावी लागते, आणि तिथे तो नंबर वाचता आलाच पाहिजे. मी त्यावर जाड ग्रीस आणि मास्किंग टेप लावून ठेवली होती.

आता मूळ कारण. समुद्राची हवा हे अर्धंच उत्तर आहे. बाकी पत्रा ठीक असताना नेमका बॅटरीखालचाच का गेला? इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावला तर १५.२ व्होल्ट. साधारण १४.४च्या वर व्होल्टेज सतत राहिलं की बॅटरीतलं पाणी फुटून वायू सुटतो आणि त्याच्याबरोबर ॲसिडचे बारीक तुषार झाकणांतून बाहेर येतात. तेच वर्षानुवर्षं ट्रेवर बसत होते. टर्मिनलवरची ती हिरवट-पांढरी पूड त्याचीच खूण. कटआउट (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) बदलला, आता १४.१ येतात. हे केलं नसतं तर नवा ट्रेही त्याच वाटेने गेला असता. तुमच्या गाडीत बॅटरीखाली गंज दिसला तर ग्राइंडर हातात घेण्याआधी हे मोजा, पाच मिनिटांचं काम आहे.

ॲसिड मारायला खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने लावला. जिथे फेस येतो तिथे ॲसिड आहे. फेस येणं थांबेपर्यंत लावत राहायचं, मग भरपूर गोडं पाणी. सोडा बॅटरीच्या सेलमध्ये जाता कामा नये, म्हणून बॅटरी आधीच बाहेर. या धुण्याचा दुसरा उपयोग मिठासाठी. गंजाच्या खड्ड्यांत मीठ अडकून राहतं, आणि मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं. मुंबईत रात्री एवढी आर्द्रता वर्षातले कित्येक महिने असते. म्हणून नुसतं घासून चमकवलेला पत्रा दोन दिवसांत पुन्हा लाल होतो. मी धुतलं, हीट गनने वाळवलं, वायर ब्रशच्या कपने घासलं, पुन्हा धुतलं.

नवीन पत्रा. पूर्वी टॅक्सी भंगारात निघायच्या, तेव्हा अख्खा ॲप्रन कापून मिळायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमच्या गेल्या आणि तो स्रोत आटला. कुर्ल्याला सीएसटी रोडवर दोन दुकानांत ॲप्रन दाखवले, पण ते माझ्यापेक्षा गंजलेले. शेवटी हातानेच घडवायचं ठरवलं. जुन्या पत्र्याची जाडी चांगल्या जागी ०.९ मिमी भरली, म्हणून ॲप्रनसाठी २० गेजचा सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा आणि बॅटरीचं वजन पेलणाऱ्या ब्रॅकेटसाठी १६ गेज. आधी जाड पुठ्ठ्याचा साचा, तो जागेवर बसवून, कापून, परत बसवून. पुठ्ठा नीट बसला की अर्धं काम झालं. तुकड्याचे कोपरे गोल ठेवले; टोकदार कोपऱ्यात ताण साठतो आणि पुढे तिथेच चीर पडते. ट्रेची कड जुन्या पत्र्यासारखीच उभी दुमडली, ती काकांनी लोखंडी अँगलवर लाकडी हातोडीने इतकी सरळ काढली की मी बराच वेळ बोट फिरवत बसलो होतो.

वेल्डिंग सीओटूवर (वायर आणि गॅसचं मशीन), ०.८ मिमीची वायर. पत्र्यावर पत्रा चढवला नाही, कडेला कड लावून मिलीमीटरभर फट ठेवली. चढवलेल्या जोडात आत पाणी शिरायला जागा राहते, आणि हा सगळा उपद्व्याप त्या पाण्यासाठीच तर आहे. एक टाका इथे, पुढचा समोरच्या बाजूला, मग थांबायचं. पत्रा हाताला सोसेल इतका थंड झाल्याशिवाय पुढचा टाका नाही. पाणी मारून थंड करायचं नाही, पत्रा ओढला जातो. ट्रे ॲप्रनला प्लग वेल्डने, म्हणजे एका पत्र्यातल्या भोकात वेल्ड भरून, जोडला, भोकं मूळ स्पॉटच्या जागीच पाडली. पेट्रोलची नळी आधीच काढून तोंडं बंद केली होती, वायरिंगवर ओलं गोणपाट टाकलं होतं, आणि एक जण फक्त फायर एक्स्टिंग्विशर घेऊन उभा होता. हे तिसरं माणूस टाळू नका. काम संपल्यावर कर्ण परत मोजले, भिंतीवरच्या आकड्यांशी जुळले.

कापता न आलेल्या खड्ड्यांमध्ये फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर लावलं. ते काळं पडलं की झालं असं समजून वरून इपॉक्सी मारू नका. उरलेलं ॲसिड इपॉक्सीला धरू देत नाही. धुवून, वाळवून, पॉलिश पेपरने हलकं घासून, थिनरने पुसून मगच प्रायमर. तोही दुपारी, कोरड्या हवेत. दिवाळीनंतरचे आणि संक्रांतीपर्यंतचे दिवस याच कामाचे आहेत. पावसाळ्यात पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारी ओल बसते आणि प्रायमर तिच्यावरच चढतो.

सीम सीलंट (सांधे बुजवायची लवचिक पेस्ट) इपॉक्सीवर लावायचा, उघड्या पत्र्यावर नाही. ट्रेचा, ॲप्रनचा आणि फायरवॉलचा सांधा बोटाने दाबून भरला. ट्रेच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात मात्र पाणी निघायला मूळ भोक होतं, ते तसंच मोकळं ठेवलंय. बऱ्याच गाड्यांत ते लांबीने बुजलेलं सापडतं. तुमच्या गाडीत एकदा तार घालून बघा.

रंग थांबवण्याचं कारण हे: ब्रेक ऑइलची टाकी पाझरते आहे आणि ब्रेक ऑइल रंगाला दिवसभरात सोलून काढतं. आधी तिचे रबर बदलणार, आठवडाभर खाली कागद ठेवून थेंब पडतो का पाहणार, मग टूके (हार्डनर मिसळून मारायचा) रंग. ट्रेवर नंतर रबरी मॅट टाकायची आहे, पण ती अशी की दर सर्व्हिसला उचलून खालचा पत्रा बघता येईल.

बॅटरी धरून ठेवणारी मूळ पट्टी आणि तिचे लांब बोल्ट हवे आहेत. माझी पट्टी मधोमध खाल्ली गेली आहे. कोणाकडे जास्तीची असेल तर माप घ्यायला मिळालं तरी पुरे, इथेच बनवून घेईन.