बाबागाडी घेऊन वस्तुसंग्रहालयात

बाळ आता आधाराशिवाय बसायला लागलंय, म्हणून आम्ही दोघं त्याला घेऊन एका मोठ्या वस्तुसंग्रहालयात दिवसभर फिरून आलो. दालनं सुंदर आहेतच, पण इथे फक्त बाबागाडीचं सांगते.

दर्शनी पायऱ्यांकडे वळूच नका. उताराची वाट इमारतीच्या बगलेला होती. जुन्या इमारतींत बहुधा असंच असतं, कारण उताराचं रूढ प्रमाण १:१२ आहे. जोतं १ मीटर उंच असेल तर उतार १२ मीटर लांब हवा, आणि एवढी जागा समोर क्वचितच मिळते. त्या बाजूचं दार उघडं असतं की बेल वाजवावी लागते, हे निघण्याआधी फोनवर विचारून घ्या. दांड्याला जड पिशव्या लटकवू नका, चढताना गाडी मागे उलटते.

लिफ्टपाशी गर्दी होती. आमच्या मागून व्हीलचेअरवर एक आजी आल्या, तशी आम्ही गाडी बाजूला घेतली. माझं ठाम मत आहे की इथे रांगेचा क्रम चालत नाही. बाबागाडी सरकत्या जिन्यावर नेणं धोक्याचं, त्यामुळे लिफ्ट आपल्यालाही लागते हे खरं. पण आपण बाळ कडेवर घेऊन गाडी मिटू शकतो. आजींना दुसरा मार्गच नव्हता. जिना सहज चढू शकणारी मंडळी आत शिरू लागली तेव्हा मी मोठ्याने म्हटलं, "आधी आजींना जाऊ द्या." लोक लगेच सरकले. बोला, संकोच करू नका.

ब्रिटनमध्ये असाच वाद बसमधल्या व्हीलचेअरच्या जागेवरून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. बाळ झोपलंय म्हणून आईने बाबागाडी हलवली नव्हती. चालकाने नुसती विनंती करून सोडून देणं पुरेसं नाही, असं न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं.

सगळ्यात अवघड भाग स्वच्छतागृहाचा. डायपर बदलायची फळी फक्त दिव्यांगांच्या स्वच्छतागृहात होती, म्हणजे दोन्ही गरजा एकाच खोलीत कोंबलेल्या. ही रचनाच चुकीची आहे. तिथे जावं लागलं तर डायपर, पुसणी, कपडे बाहेरच हाताशी काढून ठेवा, दूध पाजायला बाहेरचा बाक शोधा आणि निघताना फळी आठवणीने वर मिटवा. व्हीलचेअर वळवायला साधारण १.५ मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. उघडी फळी ती अडवू शकते. तिथली लाल दोरी मदत मागवण्याची असते. बाळ ती ओढेल म्हणून वर बांधून ठेवू नका, जमिनीवर पडलेल्या माणसाच्या हाताला ती लागली पाहिजे.

शक्यतो संग्रहालय उघडताच आत शिरा, लिफ्ट रिकामी मिळते. आणि बाहेर पडताना अभिप्रायाच्या वहीत लिहा, की पुरुषांच्या आणि बायकांच्या, दोन्ही स्वच्छतागृहांत फळी बसवा. आम्ही दोघांनी वेगवेगळं लिहिलंय.