कार्टन किती बाय किती? अँबिएंटे, फ्रँकफर्ट, फेब्रुवारी २०२५

अँबिएंटे या घरगुती वस्तूंच्या व्यापारी मेळ्यात पहिल्या दिवशी संध्याकाळी माझ्या मोबाइलमध्ये दोनशेच्या आसपास फोटो होते आणि त्यातला एक निळसर झिलईचा वाडगा मला मनापासून आवडला होता. तो कुठल्या हॉलमध्ये, कुठल्या स्टँडवर पाहिला ते मात्र काही केल्या आठवेना. दुसऱ्या दिवशी तासभर शोधूनही तो सापडला नाही. म्हणून पहिली सूचना हीच: वस्तूचा फोटो काढण्याआधी स्टँडवरच्या पाटीचा काढा, मग वस्तूचा, मग व्हिजिटिंग कार्डाचा. सगळीकडे याच क्रमाने. आणि फोटो काढण्याआधी विचारा. न विचारता मोबाइल वर केला की समोरचा माणूस आक्रसतो, पुढचं बोलणंच होत नाही.

या संकोचामागे कारण आहे. १९७७ साली जर्मन डिझायनर रिडो बुसे यांना फ्रँकफर्टच्याच मेळ्यात स्वतः डिझाइन केलेल्या वजनकाट्याची हुबेहूब नक्कल विकायला ठेवलेली दिसली. त्यातून त्यांनी 'प्लागियारियुस' नावाचा नकलाकारांना उघडं पाडणारा पुरस्कार सुरू केला: सोनेरी नाकाच्या काळ्या बुटक्याचा पुतळा. पुढे अनेक वर्षं तो याच मेळ्यात जाहीर होत आला. नक्कल होण्याची भीती इथल्या प्रत्येक छोट्या उत्पादकाच्या मनात असते आणि ती रास्त आहे.

आम्ही दोघी, मी आणि माझी भागीदार, टेबलावरची भांडी आणि स्वयंपाकघरातल्या वस्तू विकायला घेतो. अँबिएंटे ७ ते ११ फेब्रुवारी, शुक्रवार ते मंगळवार होता. २०२३ पासून ख्रिसमसवर्ल्ड आणि क्रिएटिव्हवर्ल्ड ही प्रदर्शनंही त्याच दिवसांत त्याच आवारात भरतात. तिन्ही मिळून साडेचार हजारांहून जास्त प्रदर्शक. सगळं पाहू असं मनात आणलंत तर काहीच नीट पाहून होणार नाही. आम्ही निघण्यापूर्वीच तीन गोष्टी ठरवल्या होत्या: मातीची आणि पोर्सेलिनची भांडी, काचेचे ग्लास, लाकडी पाट-चमचे. इतर वस्तू कितीही सुंदर असल्या तरी पुढे चालायचं. हे फार जड जातं, पण ठरवून केलं.

आवार समजून घेतलं की पाय वाचतात. हॉल क्रमांकातल्या बिंदूनंतरचा आकडा मजल्याचा असतो. ११.० म्हणजे अकराव्या हॉलचा तळमजला, ११.१ म्हणजे त्याच्या वरचा. पूर्वेकडे 'सिटी' प्रवेशद्वार आहे. तिथेच मेसेटुर्म हा मनोरा आणि जोनाथन बोरोफ्स्की यांचा हातोडा चालवणारा उंच काळा माणूस दिसतो. मधोमध 'टोरहाउस', आणि एस-बान या शहरी रेल्वेचं मेसे स्टेशन तिथेच. पश्चिमेला 'पोर्टलहाउस'. हॉल एकमेकांना बंद मार्गांनी जोडलेले आहेत, त्यात सरकते पट्टे आहेत, त्यामुळे बाहेरच्या थंडीत जावं लागत नाही. जाड कोट आल्याआल्या क्लोकरूममध्ये द्या. हातात कोट, खांद्यावर कॅटलॉगांची पिशवी, अशा अवस्थेत कुणाशी भावाचं बोलणं होत नाही. हॉलची वाटणी बदलत असते, तेव्हा जुन्या नकाशावर विसंबू नका.

राहायला आम्ही बाड होम्बुर्गला होतो. मेळ्याच्या दिवसांत फ्रँकफर्टमधल्या हॉटेलांचे दर खूप चढतात. बाड होम्बुर्गहून एस ५ थेट मेसे स्टेशनला आणते, वीसेक मिनिटांत. डार्मश्टाटहून एस ३ ही तशीच थेट येते. विमानतळावरून एस ८ किंवा एस ९ ने मुख्य स्टेशन, आणि तिथून एस ३, ४, ५, ६ पैकी कुठलीही. मधे रविवार येतो आणि जर्मनीत रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, औषधांचीही, पाळीपाळीने उघडं राहणारं एखादं औषधाचं दुकान सोडलं तर. टाचेला लावायच्या पट्ट्या शनिवारीच घेऊन ठेवा. लागणारच आहेत.

व्हिसाचं थोडक्यात: शेंगेन बिझनेस व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, शेवटची मुदत पंधरा दिवस. शुल्क ९० युरो, वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा. हा मेळा फक्त व्यापाऱ्यांसाठी असल्याने तिकिटाच्या नोंदणीतही व्यवसायाचा पुरावा मागतात.

आता खरं काम. दुसऱ्या दिवसापासून आम्ही प्रत्येक स्टँडवर पहिला प्रश्न भावाचा न विचारता कार्टनचा विचारला. एका कार्टनमध्ये किती नग, कार्टनची मापं काय, वजन किती? जो स्वतः माल बनवतो किंवा रोज पाठवतो, तो हे आकडे तोंडपाठ सांगतो, नाहीतर खणातून कागद काढतो. जो फक्त मध्ये उभा आहे, तो म्हणतो, 'मेल करतो.' मध्यस्थ वाईट असतात असं मुळीच नाही, पण आपण कुणाशी बोलतोय हे पहिल्या दोन मिनिटांत कळलं पाहिजे.

शिवाय वाहतुकीचा हिशेब तिथूनच सुरू होतो. समजा, चहाचे ३६ मग ५०×४०×३५ सेंटिमीटरच्या कार्टनमध्ये बसतात. एका कार्टनचे ०.०७ घनमीटर झाले. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण २८ घनमीटर माल धरला तर ४०० कार्टन, म्हणजे १४,४०० मग. उंची ३५ ऐवजी ४० झाली की कार्टन ३५० वर येतात आणि मगांची संख्या १२,६०० वर. पाच सेंटिमीटरपायी १,८०० मग किनाऱ्यावरच राहिले, भाडं मात्र तेवढंच. भावात दहा सेंट कमी करून घेण्यासाठी अर्धा तास घालवणारे खरेदीदार हा प्रश्न विचारतच नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भाव विचाराल तेव्हा कुठल्या अटीवरचा तेही लगेच लिहून घ्या. मागे एकदा एका पुरवठादाराने सांगितलेला दर आम्ही एफओबी, म्हणजे बंदरात जहाजावर माल चढवेपर्यंतचा, समजलो होतो. तो होता कारखान्याच्या दारातला, ईएक्सडब्ल्यू. तिथून बंदरापर्यंतचा खर्च आमच्या अंगावर आला आणि त्या खेपेत नफा उरला नाही. आता वहीत प्रत्येक दरापुढे अट आणि बंदराचं नाव असतंच.

मातीच्या भांड्यांबाबत आणखी एक विचारा: चाचणी अहवाल कुठल्या झिलईचा आहे? भांडी ४ टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये २४ तास ठेवून शिसं आणि कॅडमियम हे विषारी धातू किती उतरतात ते मोजतात. द्रव राहील अशा सर्वसाधारण भांड्यांसाठी युरोपातली मर्यादा लिटरमागे शिशाची ४ मिलिग्रॅम आणि कॅडमियमची ०.३ मिलिग्रॅम आहे. पांढऱ्या झिलईचा अहवाल दाखवून लाल-पिवळी भांडी विकणारे भेटतात. कॅडमियमचा प्रश्न नेमका त्या भडक रंगांचा असतो. पेला आणि काट्याची खूण दिसली की काहीजण निश्चिंत होतात. ती खूण अन्नाशी संपर्क चालतो एवढं सांगते, अहवालाची जागा घेत नाही.

वेळेचं सांगायचं तर शनिवार-रविवारी गर्दी असते. कुणाला भेटायचं ते ठरलं असेल तर आधी मेल करून वेळ घ्या, सकाळी ९ ची असेल तर उत्तम. सोमवारी दुपारनंतर प्रदर्शक जरा मोकळे होतात. आमची सगळ्यात लांबची, कामाची बोलणी तेव्हाच झाली. मंगळवारी संध्याकाळी ५ ला मेळा संपतो, दुपारपासूनच लोक आवराआवरीत असतात. त्या दिवशी नवीन बोलणं काढू नका, फक्त राहिलेली कार्डं गोळा करा.

पडदे, चादरी, उशांचे अभ्रे हा तुमचा माल असेल तर तुमचा मेळा वेगळा: याच आवारात जानेवारीत भरणारा हाइमटेक्स्टिल. फर्निचरवाल्यांनी एप्रिलमध्ये मिलानला जावं. मोठ्या संख्येने साधा घरगुती माल हवा असेल तर ग्वांगझूच्या कँटन मेळ्याचा दुसरा टप्पा, एप्रिल आणि ऑक्टोबरमधला, जास्त सोयीचा.

रोज रात्री हॉटेलवर आम्ही दोघी वही उघडून बसायचो आणि त्या दिवशीच्या स्टँडना तीनच खुणा करायचो: नमुना मागवायचा, थांबायचं, नाही. पाच दिवसांत नमुना मागवायच्या यादीत अकरा नावं उरली. त्या सगळ्यांना लिहिलं की नमुन्यांसोबत रिकामं मास्टर कार्टनही, म्हणजे बाहेरचं मोठं खोकं, घडी घालून पाठवा. चौघांनी पाठवलं. पोर्तुगालहून पार्सल आलं तेव्हा भागीदार वाडगे उजेडात धरून पाहत होती. मी आधी कार्टन उभं केलं, मोजपट्टी लावली, आणि स्टँडवरच्या बाईंनी तोंडी सांगितलेले तिन्ही आकडे वहीतून वाचत गेले. तिन्ही जुळले.