अजून भूपच

"सध्या काय ऐकताय?" हा आमच्यातला नेहमीचा प्रश्न. आम्ही सात-आठ जण महिन्यातून एका रविवारी सकाळी कुणाच्या तरी घरी जमतो. पोहे-चहा होतो आणि मग आपल्या घरी सध्या काय वाजतंय ते एकेकाने सांगायचं. जमलं तर सोबत आणायचं, बाकीच्यांनी बसून ऐकायचं. गेले तीन महिने माझी पाळी आली की उत्तर एकच असतं: किशोरीताईंचा, म्हणजे गायिका किशोरी आमोणकरांनी गायलेला, भूप राग. परवा तुमच्यापैकी एकांनी विचारलंत, "अजून तेच? पुढे काय?" निघायची घाई होती, म्हणून नुसती 'हो' म्हणाले. पण तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगते.

त्या दिवशी बाकीच्यांनी काय काय आणलं होतं, आठवतंय ना? एकांनी १९६७ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही रेकॉर्ड आणली होती. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहीरभैरव रागापासून सुरू होणारा. आमच्यातल्या सर्वांत धाकट्याने जाझ वादक माइल्स डेव्हिसची १९५९ची 'काइंड ऑफ ब्लू' लावली. तो सांगत होता, वादकांच्या हातात आधीपासून लिहिलेलं फार काही नव्हतं, थोडेसे आराखडे आणि स्वरांच्या पट्ट्या, बाकी सगळं तिथल्या तिथे. ते ऐकताना मला आपली बैठकच आठवत होती. आणि एका मैत्रिणीने केसरबाई केरकरांची भैरवी लावली, 'जात कहाँ हो'. हीच भैरवी १९७७ साली 'व्हॉयेजर' अंतराळयानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत गेली. गोव्यातल्या केरी गावच्या बाईंचा आवाज आज सूर्यमालेतल्या सगळ्या ग्रहांच्या पलीकडे पोचलाय. इतकं मोठं गाणं साडेतीन मिनिटांचं आहे. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर तेवढीच जागा असायची. जी बाई बैठकीत तास-दीड तास एक राग मांडायची तिने साडेतीन मिनिटांत काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे कसं ठरवलं असेल, हा विचार मला अजून सोडत नाही.

माझ्याकडची भूपाची एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी मोठी रेकॉर्ड, मिरजेच्या मावशीची. ती गेल्यावर तिच्या घरून मी दोनच वस्तू मागून घेतल्या, एक पितळी अडकित्ता आणि ही रेकॉर्ड. कव्हरचे कोपरे झिजलेत, कडेची चिकटपट्टी पिवळी पडून कडक झालीय. कव्हरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने रेघा ओढलेल्या आहेत, दुधाच्या हिशोबाला मारतात तशा, चार उभ्या आणि पाचवी त्यांवरून आडवी. आधी मला कळेना कसला हिशोब. मग लक्षात आलं, वर बारीक अक्षरात 'भूप' लिहिलंय. ती प्रत्येक वेळी ऐकून झालं की एक रेघ ओढायची. मी मोजल्या. एकशे सदतीस.

मावशीचं ऐकणं मी लहानपणी पाहिलेलं आहे. रेकॉर्ड लावायच्या आधी ती स्टोव्ह बंद करायची. मखमलीच्या तुकड्याने तबकडी गोल गोल पुसायची, सुई अलगद टेकवायची आणि भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसायची. निवडायला तांदूळसुद्धा पुढ्यात घ्यायची नाही. आम्हा पोरांना ते विचित्र वाटायचं, कारण घरात एरवी तिचे हात कधी रिकामे दिसायचे नाहीत.

जूनमध्ये मी तसंच करायचं ठरवलं. ऑफिसातून आल्यावर, दिवेलागणीला, भूपाची वेळ असते तेव्हाच, आणि हातात काही न घेता.

पहिले पंधरा दिवस मला फक्त आवाज ऐकू येत होता. त्या आवाजाने भारावून जायला होतंच, त्यात काही गैर नाही. पण मग हळूहळू बाकीचं दिसायला लागलं. सुरुवातीला नुसते तंबोरे लागतात, ते मी आधी 'गाणं सुरू व्हायची वाट बघणं' म्हणून सोडून द्यायची. आता मला ते क्षण फार मोलाचे वाटतात. जवारी लागलेल्या, म्हणजे घुमारा येईल अशा जुळवलेल्या, तारांतून षड्जाबरोबर (सा) आपोआप गंधारही (ग) ऐकू येतो, आणि भूपाचा जीव गंधारात आहे. म्हणजे किशोरीताईंनी तोंड उघडायच्या आधीच तंबोरा आपल्याला त्या घराचा दरवाजा दाखवतो.

भूपात सूर पाचच. सा, रे, ग, प, ध. मध्यम (म) नाही, निषाद (नी) नाही. नेमके हेच पाच सूर देशकार रागातही आहेत, पण तिथे सगळा भार धैवतावर (ध) असतो आणि तो राग सकाळचा होतो. सूर तेच, फक्त आपण कुठे थांबतो आणि कुणाकडे वळून बघतो यावर सकाळ की संध्याकाळ ते ठरतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं. कानाला कळलं ते यंदा, ऑगस्टच्या सुरुवातीला, पाऊस थांबून खिडकीबाहेर नुसतं टपटपत होतं तेव्हा. 'प्रथम सुर साधे' या भूपातल्या पहिल्या बंदिशीच्या (रागात बांधलेल्या गीताच्या) आलापीत, म्हणजे एकेक सूर संथपणे उलगडताना, किशोरीताई धैवताला शिवून खाली आल्या आणि गंधारावर येऊन स्थिरावल्या, आणि मला स्वच्छ जाणवलं की त्या घरी आल्या. मी ती बाजू तोवर चाळीसएक वेळा ऐकली असेल.

किशोरीताई जयपूर-अत्रौली घराण्याच्या. आई मोगूबाई कुर्डीकर आणि केसरबाई, दोघीही या घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. या घराण्याची खासियत म्हणजे लयीला घट्ट धरून विणलेली गुंतागुंतीची बढत, म्हणजे रागाचा टप्प्याटप्प्याने केलेला विस्तार. किशोरीताईंनी त्यात संथ आलापीला मोठी जागा दिली, आणि त्यावरून त्यांना बोलही बसले. एलपीच्या एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. केसरबाईंच्या साडेतीन मिनिटांच्या मानाने ही चैन, पण बैठकीच्या मानाने चिमूटभरच. त्यातही त्यांनी घाई केलेली नाही. मग 'सहेला रे' येतं, त्यांचीच बंदिश. तिच्यात ये, मिळून गाऊ, सात सुरांची गुपितं सांगू असं म्हटलंय, आणि राग पाच सुरांचा! सात सुरांची गुपितं पाचात सांगायची. हे मला सत्तरएक वेळा ऐकल्यावर सुचलं आणि मी एकटीच खोलीत हसले, आनंदाने.

मावशीच्या रेकॉर्डवर एक चरा आहे. सुई तिथे पोचली की टक् होतं, तबकडी मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते, त्यामुळे पावणेदोन सेकंदांहून किंचित जास्त वेळाने पुन्हा टक्. असं नऊ वेळा, मग थांबतं. फोनवर हाच भूप अगदी स्वच्छ मिळतो आणि मी तो लोकलमध्ये ऐकतेही. पण 'सहेला रे' संपलं की फोन लगेच पुढचं काहीतरी लावतो. घरी मात्र शेवटच्या खाचेत सुई खरखरत राहते, मला उठून ती उचलावी लागते, आणि तेवढ्या वेळात भूप खोलीत असतो.

कव्हरवर मावशीच्या रेघांच्या खाली मी माझ्या रेघा वेगळ्या पेनाने ओढतेय. काल ब्याण्णव झाल्या.

आता तुमच्या प्रश्नाचा राहिलेला भाग, 'पुढे काय?' रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला बागेश्री आहे. कव्हरवर 'बागेश्री' लिहून मावशीने त्याखाली फक्त अकरा रेघा ओढल्यात. बागेश्री रात्र चढल्यावरचा राग आणि मावशीचा दिवस पहाटे पाचला पाणी भरण्यापासून सुरू व्हायचा, म्हणून दहाच्या आत तिचा डोळा लागलेला असायचा. त्या अकरा रात्री ती जागली असणार. ती बाजू मी अजून लावलेली नाही.

पुढच्या महिन्यात जमायचंय ते माझ्याकडे. तेव्हा एक विनंती, सकाळी पोह्यांना येऊ नका. रात्री जेवून या, दहानंतर.