वरून नवा, आतून गंजका

घरी वेल्ड केलेला कंट्रोल आर्म (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा दांडा), चकचकीत काळं पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला पावडरीचा रंग). खडीने उडालेल्या टवक्याला नख लावलं, तर पापुद्राच सुटून आला. खाली वेल्डभर गंज.

"पण वरून तर नवाच दिसतोय!" मालक म्हणाला.

तीच तर अडचण. जाड थर गंज झाकतो, वेल्डची चीरही.

त्यापेक्षा टू-पॅक (हार्डनर मिसळून लावायचा) इपॉक्सी प्रायमर, वर टू-पॅक पीयू म्हणजे पॉलीयुरेथेन रंग, तोही फिका राखाडी. चिरेतून उतरलेली गंजाची रेघ लगेच दिसते. आधी सँडब्लास्टिंग, थिनरने पुसून त्याच दिवशी प्रायमर. बुशची (रबरी जोडांची) भोकं, बॉल जॉइंट बसतो तो निमुळता टेपर आणि बोल्टखालचा सपाट भाग टेपने झाका. तिथला रंग दबून पातळ झाला की बोल्टची पकड सैल होते. (पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुफ्फुसांना घातक रसायन असतं, कापडी मास्कवर भागत नाही.)

गाडीखाली काळाच रंग हवा, हा हट्ट कशासाठी?