सर्वसमावेशक वर्ग: कार्यशाळा संपल्यावर काय?

नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, भेट जवळ आली की ‘सर्वसमावेशक शिक्षण’ या विषयावर एक दिवसाची कार्यशाळा ठरलेलीच. दीपप्रज्वलन, राजर्षी शाहूंच्या प्रतिमेला हार, २६ जुलै १९०२ च्या ५० टक्के आरक्षणाच्या आदेशाचा उल्लेख, दोन व्याख्यानं, जेवण, प्रमाणपत्र. दुसऱ्या दिवशी वर्गातलं शिकवणं मात्र कालचंच. प्राध्यापकांना तत्त्व पटत नाही असं नसतं. उद्याच्या पहिल्या तासाला नेमकं काय बदलायचं, तेवढं कुणी सांगितलेलं नसतं.

आयक्यूएसी, म्हणजे कॉलेजचा अंतर्गत गुणवत्ता कक्ष, सांभाळणाऱ्यांनी म्हणून एवढंच करावं: एका प्राध्यापकाचं येत्या पंधरवड्यातलं एक युनिट घ्यावं, त्यांच्या शेजारी बसावं आणि तेवढंच दुरुस्त करावं. सगळा अभ्यासक्रम एकदम हाती घेतला की दिवाळीपर्यंत कुणालाच काही आठवत नाही.

आधी समोर कोण बसलंय ते कळायला हवं. कोल्हापुरातल्या बी.ए., बी.कॉम.च्या वर्गात पन्हाळा-शाहूवाडी, गगनबावड्याकडून एसटीने रोज ये-जा करणारी मुलं असतात. आजरा-चंदगडची खोली घेऊन राहिलेली असतात, गडहिंग्लज-निपाणी पट्ट्यातली घरी कानडी बोलणारी असतात, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत रात्रपाळी करून येणारीही असतात. शेवटच्या बाकावर एखादी मुलगी अशी असते, की जिला फळ्यावरचं धूसर दिसतं आणि तिने ते कुणालाच सांगितलेलं नाही.

पहिल्या आठवड्यात अर्ध्या पानाची चिठ्ठी द्या. प्रश्न चारच. घरून यायला किती वेळ लागतो आणि परतीची शेवटची गाडी कितीची? बारावी कोणत्या माध्यमातून झाली? मोबाइल स्वतःचा की घरात मिळून एक? पाहताना, ऐकताना, लिहिताना किंवा बोलताना काही अडचण येते का, आणि आम्ही काय केलं तर बरं पडेल? जात, उत्पन्न, शिष्यवृत्ती यातलं काही विचारायचं नाही. ते ऑफिसकडे आहे आणि शिकवायला लागत नाही. चिठ्ठ्या सीआरकडून (वर्ग प्रतिनिधीकडून) गोळा करू नका, तो वाचतोच. घडी घालून थेट प्राध्यापकांकडे. आणि आठवड्याभरात त्यातली एक तरी गोष्ट बदललेली दिसू द्या, नाहीतर पुढच्या सत्रात कोऱ्या चिठ्ठ्या येतील.

शिष्यवृत्तीवरून एक. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरच्या अर्जाची मुदत संपत आली की शिपाई नोटीस घेऊन येतो आणि भर वर्गात ‘एससी, ओबीसीची मुलं ऑफिसात या’ असं वाचलं जातं. वर्षभर सांभाळलेलं वातावरण या एका वाक्यात जातं. ज्यांचा अर्ज अपुरा आहे त्यांना ऑफिसने स्वतंत्र मेसेज पाठवावा आणि वर्गात नोटीस वाचूच नये. खर्च शून्य.

नोट्सकडे सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो, कारण तिथली चूक डोळ्यांना दिसत नाही. आपल्याकडच्या कितीतरी मराठी नोट्स अजून श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. पडद्यावर सुंदर मराठी दिसतं, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरांची चिन्हं असतात. अंध विद्यार्थी एनव्हीडीए हे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लावतो, तेव्हा त्याला निव्वळ गोंधळ ऐकू येतो. झेरॉक्सवरून काढलेल्या फोटोच्या पीडीएफमध्ये तर वाचायला काहीच सापडत नाही. तपासायची सोपी युक्ती: फाइलमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर पेस्ट करा. मराठीच उमटली तर ठीक. भलतंच काही उमटलं तर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये (मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत) आणा आणि नंतर स्वतः वाचा, कारण रफार आणि जोडाक्षरं हमखास तुटतात. युनिकोडवरून पीडीएफ करतानाही कधी कधी अक्षरं विस्कटतात, तेव्हा वर्डची फाइलही सोबत द्यावी. शीर्षकं नुसती ठळक न करता वर्डमधल्या ‘हेडिंग’ शैलीने दिली, तर विद्यार्थी कीबोर्डच्या एका कळीने पुढच्या मुद्द्यावर उडी मारू शकतो. आकृतीखाली दोन वाक्यांत आकृती काय दाखवते ते लिहा. एका युनिटला सुरुवातीला दोन-तीन तास जातात; म्हणूनच एक युनिट.

याच फाइलचा उपयोग इतरांनाही होतो. रात्रपाळीवाला ती बसमध्ये मोबाइलवर ऐकतो. कानडी घरातली मुलगी अडलेला शब्द कॉपी करून अर्थ शोधते, फोटोतून हे जमत नाही.

फळ्यासाठी नियम छोटे आहेत. हिरव्या फळ्यावर लाल खडू वापरू नये. लाल-हिरव्याचा रंगांधळेपणा असलेल्याला तो ओळखणं कठीण जातं आणि मागच्या बाकावर इतरांनाही नीट दिसत नाही. पांढरा, पिवळा पुरे. स्लाइडवर अक्षर २४ पॉइंटच्या खाली नको. लिहिता लिहिता फळ्याकडे तोंड करून बोलू नका, ओठ पाहून समजून घेणाऱ्याचं तेवढं वाक्य हुकतं.

प्रश्न विचारल्यावर थांबण्याचं मात्र सरावाशिवाय जमत नाही. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिलं, की शिक्षक प्रश्नानंतर साधारण एकच सेकंद थांबतात आणि ३ सेकंद थांबले तर उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात. मराठी माध्यमातून आलेल्याला इंग्रजी प्रश्न मनात मराठीत आणून उत्तर परत इंग्रजीत न्यायचं असतं, त्याला तर ३ सेकंदही कमीच. ‘शेजाऱ्याशी मिनिटभर मराठीत बोला, मग हात वर करा’ हा उपाय चालतो. गट पाडताना ‘आपापले गट करा’ म्हणू नका; एका गावची, एका आडनावाची मुलंच एकत्र बसतात. एक-दोन-तीन-चार मोजून गट पाडा.

परीक्षेत जादा वेळेचा नियम केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे: पात्र दिव्यांग विद्यार्थ्याला तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे ३ तासांच्या पेपरला १ तास. विद्यापीठाच्या पेपरला तो आठवतो, अर्ध्या तासाच्या चाचणीला विसरतो. तिथेही १० मिनिटं जास्त द्या. आणि बैठक व्यवस्था लावतानाच अशा विद्यार्थ्याची खोली तळमजल्यावर ठेवा, ऐनवेळी पर्यवेक्षक शोधत बसू नका.

हे टिकतं ते प्राध्यापकांच्या जोड्या केल्या तर. एकाने दुसऱ्याच्या तासाला २० मिनिटं मागे बसायचं, कागदावर बाकांचा नकाशा काढायचा आणि कुणाला प्रश्न विचारला तिथे खूण करायची. बहुतेक खुणा पुढच्या दोन रांगांत आणि मुलग्यांच्याच बाजूला दिसतात. बोलायची गरजच पडत नाही, कागद पुरतो. तो कागद प्राचार्यांकडे किंवा पदोन्नतीच्या फाइलमध्ये गेला, की पुढच्या वेळी तास सजवून घेतला जातो. तो त्या दोघांतच राहू द्या.

तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासागणिक मानधन मिळणाऱ्या (सीएचबी) प्राध्यापकांचा विषय सगळेच टाळतात. दिवसाला दोन कॉलेजं करणाऱ्या सीएचबी मॅडमना तास संपल्यावर फुकट थांबायला सांगायचं आणि त्या आल्या नाहीत की ‘उत्साह नाही’ म्हणायचं, हे बरोबर नाही. युनिट दुरुस्तीचे ते दोन-तीन तास तासिकेच्या दराने बिलात धरा. तारीख ठरवताना पंचगंगेच्या पुराचे जुलै-ऑगस्ट आणि पेपर तपासणीचे दिवस सोडा. सत्र सुरू झाल्यावरचा दुसरा आठवडा बरा, तोवर चिठ्ठ्याही हातात आलेल्या असतात.